सात वाणं, चार जिभा

टोमॅटोच्या झाडांत तासभर काम केलं की बोटांवर हिरवट-काळा राप चढतो. साबण लावला की फेस आधी पिवळा होतो, मग हिरवा, आणि एवढं करूनही हात पुसले की टॉवेलवर डाग पडतोच. त्यावरून घरात माझी बोलणी खाऊन झाली आहेत. हा राप म्हणजे खोडापानांवरच्या बारीक लवेतून निघणारा चिकट रस. टोमॅटोच्या झाडाचा म्हणून जो उग्र वास येतो, तोही याच लवेतला. फळाला तो नसतो, देठाला असतो. ताजा तोडलेला टोमॅटो देठासकट नाकाशी नेला की तो उगीचच जास्त चविष्ट वाटतो, ते यामुळेच.

‘उगीचच’ लिहिलं खरं, पण तीन हंगामांनंतर मला तो शब्द मागे घ्यावासा वाटतोय. का, ते पुढे येईलच.

माझं काम हिशेबतपासणीचं. दिवसभर दुसऱ्यांचे आकडे बघायचे आणि कुठे जुळत नाहीत ते शोधायचं. गच्चीवर कुंड्या मांडल्या त्या आकड्यांपासून थोडी सुटका व्हावी म्हणून. पण पहिल्याच हंगामात एक अर्धी कोरी खातेवही हाती लागली आणि सुटका तिथेच संपली. पेरणी कधी, पहिलं फूल कधी, पहिलं पिकलेलं फळ कधी, किती फळं तडकली, किती पक्ष्यांनी नेली. शेवटचा रकाना ‘चव’. बाकीचे रकाने भरायला मी एकटी पुरे होते. चवीच्या रकान्यात मात्र घरातल्या चारही जणांची सही लागते असं ठरलं आणि भांडणं सुरू झाली.

चार जिभा अशा. एक माझी. एक नवऱ्याची, ज्याला सर्दी बारमाही. एक लेकीची, ती १३ वर्षांची आहे आणि गोड असेल तेच तिला टोमॅटो वाटतं. चौथी सासऱ्यांची. अण्णांचं मत पहिल्या दिवसापासून एकच: “आंबट नसेल तर त्याला टोमॅटो म्हणायचं कशाला?”

दर रविवारी सकाळी मी आकडे टाकलेल्या बशांमध्ये फळं मांडते. डोळ्यांना रुमाल. अण्णांनी रुमाल बांधून घ्यायला साफ नकार दिला. ते डोळे मिटतात आणि मधूनच एक किलकिला करून बघतात, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या गुणांपुढे मी वहीत बारीक फुली मारते.

तर सात वाणं. सनगोल्ड, सुपर स्वीट १००, ब्लॅक चेरी, गार्डनर्स डिलाइट, यलो पेअर, ज्युलिएट आणि टायनी टिम. सगळी लहान फळांची. मोठ्या टोमॅटोच्या वाटेला मी गेले नाही. कुंडीत ते रुसतात आणि दोन महिने वाट बघून चार फळं हाती येतात. शिवाय लहान फळाची चव मुळातच दाट असते. पानं जी साखर तयार करतात ती फळांत वाटली जाते. फळ पाण्याने फुगून मोठं झालं की तीच साखर पातळ होते. टोमॅटोचा रानटी पूर्वज, पेरू आणि इक्वाडोरच्या किनारपट्टीवर उगवणारा सोलॅनम पिंपिनेलिफोलियम, जेमतेम एक सेंटिमीटरच्या फळांचा आहे. आकार वाढवला तो माणसाने, आणि त्याची किंमत चवीतून वळती झाली.

दुसऱ्या हंगामात मी साखर मोजायची नळी आणली, रिफ्रॅक्टोमीटर. हातभर लांबीचं काही नसतं ते, जाडजूड पेनाएवढं असतं. टोकाच्या तिरक्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा, झाकण दाबायचं आणि उजेडाकडे तोंड करून डोळा लावायचा. आत एक पट्टी दिसते, वर निळी, खाली पांढरी. निळं जिथे संपतं तो आकडा. त्याला ब्रिक्स म्हणतात. नुसती साखर नव्हे, रसात विरघळलेलं सगळंच त्यात येतं, पण टोमॅटोत त्यातला मोठा वाटा साखरेचाच. थेंबात बी आलं तर रेघ धूसर होते, म्हणून मी रस चहाच्या गाळणीतून गाळून घेते. पहिले दोन आठवडे घरातली एकही गोष्ट मोजल्यावाचून सोडली नाही. लेकीच्या सरबताचाही आकडा वहीत आहे.

आणि इथेच माझा हिशेब पहिल्यांदा जुळेना.

एका रविवारी सुपर स्वीट १०० भरलं ८.४ आणि सनगोल्ड ८.१. म्हणजे सुपर स्वीट जास्त गोड. पण बशांवर चौघांनीही, अण्णांसकट, जास्त गोड म्हणून सनगोल्डवर बोट ठेवलं. मला वाटलं थेंबात गडबड झाली. पुन्हा मोजलं, वेगळ्या घोसातली फळं घेऊन मोजलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. नळी म्हणते सुपर स्वीट, जीभ म्हणते सनगोल्ड. आमच्या धंद्यात असं झालं की कुठेतरी एखादी नोंद राहून गेलेली असते.

राहिलेली नोंद सापडली ती नवऱ्यामुळे. त्याची सर्दी त्या आठवड्यात जोरात होती. बशा चाखल्यावर तो म्हणाला, “दोन्ही एकच तर आहेत.” मी चिडले. मग लेकीने नाक चिमटीत धरून एक सनगोल्ड खाल्लं आणि ओरडली, “अगं आई, खरंच काहीच कळत नाहीये!” मग आम्ही चौघंही नाक धरून बसलो. हे घरी कुणीही करून बघावं असं आहे. नाक बंद असताना टोमॅटो म्हणजे थोडं गोड, थोडं आंबट आणि ओलं, एवढंच. चावून झाल्यावर, गिळायच्या आधी नाक सोडायचं. सनगोल्डच्या बाबतीत त्या क्षणी पिकल्या फळांच्या टोपलीवरचं फडकं कुणी उचलावं तसा वास तोंडात भरतो. सुपर स्वीटच्या बाबतीत नाक सोडल्यावर फार काही घडत नाही. ते आधीही गोड होतं, नंतरही गोडच.

म्हणजे चवीचा जो भाग आम्ही जिभेच्या खात्यात टाकत होतो तो निम्म्याहून जास्त नाकाचा. मग या विषयावर शोधून वाचलं. फ्लोरिडा विद्यापीठातले हॅरी क्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर बरीच वर्षं काम केलंय. २०१७ मध्ये त्यांनी ३९८ वाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला; आधुनिक, जुनी, रानटी, सगळी त्यात होती. बाजारासाठी वाणं घडवताना उत्पन्न, टिकाऊपणा, आकार यांच्या मागे लागता लागता वासाची कितीतरी द्रव्यं हातातून निसटली, असं त्यातून दिसतं. आणि माझ्या वहीतलं कोडं सोडवणारी गोष्ट म्हणजे, यातल्या काही वासांमुळे फळ गोड भासतं, साखर तेवढीच असली तरी. नळीला नाक नाही, एवढाच तिचा दोष.

आता एकेक वाण. सगळ्यांवर सारखं लिहिणार नाही, कारण सगळ्यांनी मला सारखं छळलेलं नाही.

सनगोल्ड हे जपानच्या टोकिता कंपनीचं संकरित वाण. फळ साधारण १५ ग्रॅमचं, नारिंगी. झाड अमर्याद वाढीचं, म्हणजे शेंडा थांबतच नाही. माझ्या गच्चीवर एकाने साडेसात फुटांची काठी संपवून पलीकडच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर मुक्काम हलवला. याला २० लिटरपेक्षा लहान कुंडी देऊ नये. पहिल्या वर्षी मी १० लिटरची दिली होती; दुपारपर्यंत माती कोरडी, पानं माना टाकलेली, संध्याकाळी पाणी घातलं की रात्रीत फळं तडकलेली. सनगोल्डची साल पातळ आणि तडकण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. कोरड्या मातीला एकदम पाणी मिळालं की फळ आतून झपाट्याने फुगतं, सालीला तेवढं ताणता येत नाही. त्या हंगामात वहीनुसार १०० मधली ३४ फळं तडकलेली. दुसऱ्या वर्षी मोठी कुंडी, वर वाळक्या पानांचा चार बोटं थर आणि रोज सकाळी ठरलेलं पाणी एवढंच बदललं. आकडा ११ वर आला. पावसाची चिन्हं दिसली की रंग धरलेली सगळी फळं मी आधीच उतरवते.

पण कधी तोडायचं यावरच सनगोल्डचं निम्मं भवितव्य ठरतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पाकिटावरही नव्हतं. फळ पिवळं होतं, मग फिकं नारिंगी, मग गडद. फिकट नारिंगी झालं की ते पिकलेलंच दिसतं आणि लेक तेव्हाच तोडून मोकळी व्हायची. एकदा एकाच घोसातली तीन फळं घेतली: घोसाच्या टोकाचं फिकट पिवळं, मधलं नारिंगी, खोडाजवळचं गडद. घोस खोडाकडून टोकाकडे पिकत जातो, त्यामुळे तिन्ही एकाच दिवशी मिळतात. नळीवर अनुक्रमे ५.९, ७.२ आणि ८.८. पिवळं चरचरीत आंबट. मधलं बरं. गडद फळाचं देठ बोट लागताच सुटलं, साल किंचित सैल लागली, आणि तोंडात ज्याला मी फडकं उचलल्याचा वास म्हटलं तो फक्त त्याच फळात होता. म्हणजे एका वाणातल्या दोन फळांत जेवढा फरक निघाला, तेवढा काही वेळा दोन वाणांतही नव्हता. तेव्हापासून लेकीला सनगोल्ड तोडायची बंदी आहे. ती मोडते, पण आता गडद बघून मोडते.

सुपर स्वीट १०० भरवशाचं. लांबच लांब घोस, फळं लाल, मण्यांसारखी ओळीत. पहिल्यांदा लावणाऱ्याला हेच द्यावं, कारण ते निराश करत नाही. तडकतं, पण सनगोल्डइतकं नाही. चव सरळ गोड. दहा खाल्ली की अकरावं खावंसं वाटत नाही, हे माझं मत. लेकीला मान्य नाही.

ब्लॅक चेरीवर मात्र माझा जीव आहे. रंग काळा नाही, चॉकलेटी-जांभळट. पिकताना इतर टोमॅटो आतला हिरवा रंग पूर्ण मोडून टाकतात. हा टाकत नाही. शिल्लक राहिलेल्या हिरव्यावर लाल चढतो आणि दोन्ही मिळून तो मळकट तपकिरी होतो. त्यामुळे कधी पिकलं ते डोळ्यांना कळत नाही, खांदे हिरवेच राहतात. बोटांनी हलकं दाबून बघावं लागतं. हाताला ते कळायला मला एक आख्खा हंगाम गेला. तोवर निम्मी फळं कच्ची तोडली आणि ‘गाजावाजा फार, चव काही नाही’ असं वहीत लिहून ठेवलं. ती ओळ नंतर खोडली आहे, पण वाचता येते. नीट पिकलेलं ब्लॅक चेरी गोडही आहे, आंबटही आहे, आणि त्याखाली काहीतरी खारट-धुरकट असं रेंगाळतं. नळीवर ते कधीही पहिलं आलं नाही. ७.३, ७.५, एवढंच. बशांवर माझ्या आणि नवऱ्याच्या हिशेबात ते दोनदा सनगोल्डच्या पुढे गेलं; त्यातल्या एका रविवारी नवऱ्याला सर्दी नव्हती, म्हणून ते मत धरायला हरकत नाही.

झाड मात्र आळशी. शेजारच्या सुपर स्वीटला पाच घोस लागले तेव्हा याला दोन. आणि खालच्या पानांवर करपा सगळ्यांत आधी याच्याच. खालची फूटभर पानं काढून टाकली, पाणी पानांवर न उडवता मातीशी घातलं, तेव्हा कुठे आवरलं.

गार्डनर्स डिलाइट मूळचं जर्मनीतलं. फळ बाकीच्यांपेक्षा किंचित मोठं, लाल, दिसायला अगदी चारचौघांसारखं. पहिल्या चाखणीत मी त्याला १० पैकी ६ दिले. अण्णांनी खाल्लं आणि मिटलेले दोन्ही डोळे उघडले. “हा टोमॅटो,” एवढंच म्हणाले. आंबट-गोड दोन्ही तोलाचं, आणि आंबट आधी लागतं. साखर किती आहे यापेक्षा तिच्यासमोर आम्ल किती उभं आहे, हे महत्त्वाचं असतं. टोमॅटोतलं आम्ल मुख्यतः सायट्रिक, थोडं मॅलिक. ते पडलं की उरतं ते सपक गोड पाणी. अण्णांना हे सगळं सांगितलं तर म्हणाले, “मग मी तीन वर्षं काय सांगतोय?”

यलो पेअर. काय सांगू. इवल्याशा पिवळ्या नासपत्या झाडभर लटकलेल्या. गच्चीवर येणारा प्रत्येक माणूस आधी त्याच्यापाशी थांबतो, फोटो काढतो. फळंही इतकी की मोजदाद सोडून दिली. आणि चव? ओल्या कागदाला थोडी साखर लावावी तशी. वाण फार जुनं आहे, दोनशे वर्षांहून जास्त काळ लोक ते लावतायत. इतकी वर्षं ते रूपावरच टिकलं असणार. चौघांनी एकमताने नापास केलेली ही एकमेव बशी. अण्णांनी तर एकच शब्द दिला, “पाणचट.” मी पिकण्याचे वेगवेगळे टप्पे बघितले, पाणी तोडून बघितलं, काही फरक नाही. वासच नाही त्याला. नाक धरून खा नाहीतर सोडून खा.

ज्युलिएट लांबट, छोट्या अंगठ्याएवढं, जाड सालीचं. १९९९ मध्ये त्याला अमेरिकेतला ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा किताब मिळाला, आणि तो कष्टाळूपणासाठीच मिळाला असावा असं झाडाकडे बघून वाटतं. तीन हंगामांत तडकलेली फळं एकूण चार. करपा शेजारी थैमान घालत असताना हे आपलं शांत उभं. कच्चं खायला मात्र नुसतं चावत बसल्यासारखं होतं. आडवं कापून बघितलं तर कारण दिसतं: भिंत जाड, आणि बियांभोवतीचा चिकट रस थोडका. टोमॅटोचा आंबटपणा आणि तोंडाला पाणी सुटायला लावणारं ग्लुटामेट भिंतीपेक्षा या बुळबुळीत भागात जास्त असतं. जे लोक बियांचा गर काढून टाकतात ते चव काढून टाकतात, हे मला ज्युलिएटने शिकवलं. शिजवलं की मात्र त्याचा कायापालट होतो. पाणी कमी असल्यामुळे लवकर आटतं आणि दाट होतं. माझ्याकडे एक झाड कायम असतं, पण त्याची चाखणी मी बंद केली. अन्याय होतो त्याच्यावर.

टायनी टिम हा प्रकार ज्यांच्याकडे फक्त खिडकी आहे त्यांच्यासाठी. अमेरिकेत न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने १९४५ मध्ये काढलेलं वाण, उंची फूट-दीड फूट, काठी लागत नाही, बगलफुटवे काढावे लागत नाहीत. ५ लिटरची कुंडी त्याला पुरते. मर्यादित वाढीचं असल्यामुळे बरीचशी फळं एकदमच येतात आणि मग झाड संपल्यासारखं होतं. म्हणून तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने पेरावं. चव ठीक. यलो पेअरपेक्षा नक्की वर, बाकीच्यांच्या खाली. याहूनही बुटकं मायक्रो-टॉम नावाचं आहे, वीतभर उंचीचं. प्रयोगशाळांत जागा कमी लागते म्हणून शास्त्रज्ञांचं ते लाडकं. मी लावलेलं नाही.

फुलांबद्दल एक सांगायचं राहिलं. टोमॅटोचं फूल स्वतःचं स्वतः फळतं, पण परागकण बाहेर पडायला हादरा लागतो. वारा तो देतो, काही जातींच्या मधमाश्या फुलाला लटकून गुणगुणत देतात. आमच्या गच्चीला तीन बाजूंनी भिंत, वारा नाही. पहिल्या वर्षी फुलं यायची आणि पिवळी पडून गळायची. मग नवऱ्याचा जुना विजेवर चालणारा टूथब्रश घोसाच्या देठाला दोन सेकंद लावायला लागले, सकाळी दहाच्या सुमारास, हवा कोरडी असताना. उन्हाकडे धरलं तर पिवळी धूळ उडताना दिसते. नुसती काठीवर टिचकी मारली तरी बरंचसं काम होतं, पण टूथब्रशची मजा त्यात नाही.

उष्णतेपुढे मात्र टूथब्रश चालत नाही. दिवसा पारा ३५ च्या वर आणि रात्रीही २४ च्या खाली उतरेना, असे दोन आठवडे गेले की फुलगळ होतेच. लहान फळांची वाणं त्यातल्या त्यात तग धरतात. त्याच दिवसांत लाल वाणं लालच होईनात, नारिंगीवर अडकलेली. मला वाटलं खत कमी पडलं आणि मी दोनदा खत घातलं, ते वाया गेलं. लाल रंग देणारं लायकोपीन ३० अंशांच्या वर नीट तयार होत नाही, एवढंच कारण होतं. रंग धरू लागलेली फळं तोडून घरात सावलीत ठेवली, ती चार दिवसांत लाल झाली.

घरात म्हणजे ओट्यावर, फ्रिजमध्ये नाही. यावरून आमच्याकडे खूप वाद होते. क्लींच्याच गटाने २०१६ मध्ये पिकलेले टोमॅटो ५ अंशांवर ७ दिवस ठेवून, मग एक दिवस बाहेर काढून तपासले. साखर आणि आम्ल जिथल्या तिथे, पण वासाची द्रव्यं उतरलेली आणि एका दिवसात ती परत आली नाहीत. हे वाचल्यावर मी एकाच दिवशी तोडलेली बारा सनगोल्ड सहा-सहा वाटून आठवडाभराने बशांत मांडली. ओट्यावरची थोडी सुरकुतलेली. फ्रिजमधली दिसायला टवटवीत, नळीवर आकडा तोच. नाक सोडल्यावर काही नाही. अण्णा म्हणाले, “यलो पेअर परत कशाला ठेवलंस?”

बियांचंही सांगते, कारण तिथे मी व्यवस्थित फसले. सनगोल्ड इतकं आवडलं की त्याचंच बी धरलं. बियांवरचा चिकट थर त्यांना उगवू देत नाही, म्हणून गर वाटीत पाण्यात घालून दोन-तीन दिवस आंबवायचा. वर पांढरी साय धरते, वास असा येतो की वाटी गच्चीच्या टोकाला ठेवावी लागते. मग धुवायचं, बी तळाशी बसतं, ते चिनीमातीच्या बशीत वाळवायचं. कागदावर घातलं तर कागदासकट पेरावं लागतं. सगळं नीट केलं. पाच रोपं वाढवली. चारांना नारिंगी फळं आली, एकाला चक्क लाल. नारिंगीतलं एक सपक, एक आंबट, एकाची साल चामड्यासारखी, आणि एक जवळपास सनगोल्डसारखं, पण जवळपासच. संकरित वाणाचं बी आईबापांचे गुण पुन्हा पिसून वाटतं, हे शाळेत शिकले होते. परीक्षेत गुणही मिळवले होते. ब्लॅक चेरी, गार्डनर्स डिलाइट, यलो पेअर, टायनी टिम यांचं बी धरलं तर तसंच उगवतं. सनगोल्ड, सुपर स्वीट आणि ज्युलिएटचं बी विकतच घ्यावं लागतं.

त्या पाचांतलं चौथं, जवळपासवालं, मी ठेवलंय. त्याचं फळ सनगोल्डपेक्षा किंचित आंबट आणि साल जराशी जाड आहे; मागच्या हंगामात १०० मधली ६च तडकली. पुढच्या पिढीत ते आणखी कुठे भरकटतं ते बघायचंय.

येत्या हंगामाच्या दहा मोठ्या कुंड्यांची वाटणी काल रात्री झाली. सनगोल्ड तीन, ब्लॅक चेरी दोन, गार्डनर्स डिलाइट दोन, ज्युलिएट एक, चौथ्या रोपाचं बी एक. सुपर स्वीटला या वर्षी जागा नाही म्हटल्यावर लेक रुसली. दहावी कुंडी तिला दिली, काय लावायचं ते तू ठरव म्हणाले. सकाळी गच्चीवर गेले तर कुंडीत पट्टी खोचलेली होती आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात यलो पेअर लिहिलेलं होतं. विचारलं, तर म्हणाली, “फोटो छान येतात गं.”